वरच्या डोहातला मासा

तळलेल्या साफी माशाचा काटा काढता काढता जगदीश गमरेनं मुलाच्या हातून पाकीट घेतलं, फोडलं, आतला कागद वाचला आणि हातातला घास काट्यासकट गिळला. मग ठसका, पाणी, पाठीवर थापा, सरिताचं "हळू हो, हळू" असं सगळं रीतसर पार पडलं. काटा खाली उतरला, पण कागदावरचं काही उतरेना.

कागदावर लिहिलं होतं : स्कॉटलंडमधली एक नदी. सप्टेंबरमधले तीन दिवस. सॅमन आणि ट्राउट माशांची गळाची शिकार. सोबत गाईड. माणसं दोन, जगदीश गमरे आणि विनय गमरे.

"मासे धरायला गाईड?" जगदीशनं डोळे पुसत विचारलं. "मला?"

"बाबा, इट्स अ गिफ्ट," विनय म्हणाला. "तुझ्या रिटायरमेंटचं."

विनय सत्तावीस वर्षांचा, मनामातल्या एका बँकेत कम्प्युटरचं काम करणारा. वाढला बहारीनमध्ये, शिकला इंग्रजीत. मराठी सगळी समजायची, पण तोंडातून निघायची ती इंग्रजीच. मराठी फक्त अडल्यानडल्याला. जगदीशला याचं वाईट वाटायचं आणि बाहेरच्यांसमोर थोडा अभिमानही वाटायचा. आपल्यातले बरेच बाप असेच असतात, त्याला एकट्याला कशाला नावं ठेवायची.

जगदीश सखीरच्या विद्यापीठात चिलर प्लांटवर टेक्निशियन होता. अठ्ठावीस वर्षं त्यानं इतरांसाठी हवा गार केली आणि स्वतः कंप्रेसरच्या धगीत उभा राहिला. डिसेंबरात त्याचा व्हिसा संपणार होता. मग सीपीआर म्हणजे इथलं ओळखपत्र परत करायचं, सनाबिसचा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट सोडायचा आणि सरिताला घेऊन चिपळूणकडच्या गावी जायचं. विनय इथंच राहणार होता. गावाबद्दल त्याला माया नव्हती असं नाही, पण ओळख नव्हती.

कारण साधं होतं. शाळेला सुट्टी जुलै-ऑगस्टात, त्यामुळे गमऱ्यांची रजाही तेव्हाच. त्या दिवसांत गावची नदी म्हणजे लाल पाण्याचा नुसता लोंढा. काठाशीसुद्धा कुणी जात नाही. जगदीश पोराला लांबूनच दाखवायचा आणि म्हणायचा, "हिवाळ्यात बघ हिला. तळाचे गोटे दिसतात." तो हिवाळा विनयच्या वाट्याला कधी आलाच नाही. बहारीनला नदी नाहीच. तिथं बापलेक शुक्रवारी सकाळी बंधाऱ्यावर बसून खाऱ्या पाण्यात दोऱ्या सोडायचे. वाहत्या पाण्यात गुडघाभर उभं राहून गळ कसा सोडायचा, प्रवाह बोटाला कसा कळतो, हे जगदीशला पोराला शिकवायचं राहून गेलं होतं. हे त्यानं वीसेक वेळा बोलून दाखवलं होतं आणि विनयनं ते मनात ठेवलं होतं. डिसेंबरनंतर बापलेक कधी एकत्र पाण्यात उतरतील याचा भरवसा नव्हता. म्हणून ही नदी, म्हणून हे तीन दिवस.

पहिला धक्का ओसरल्यावर जगदीश तयारीला असा लागला, की घरच्यांनी हात टेकले. त्यानं एक वही केली. पाण्याचं तापमान, बुटांचं माप, पाऊस असला तर काय, नसला तर काय. त्यानं एवढे व्हिडिओ पाहिले, की सरिताला स्वयंपाकघरात उभ्या उभ्या ट्राउट आणि सॅमनमधला फरक सांगता येऊ लागला. गावी कळवलं, यंदाची रजा दुसरीकडे.  अठ्ठावीस वर्षांत गमऱ्यांची रजा गाव सोडून दुसरीकडे गेली नव्हती. "कोणी आजारी आहे का?" जगदीशच्या चुलतभावानं विचारलं.

जिदहफ्सच्या बाजारात मुख्तारचं गळ, दोऱ्या आणि जाळ्यांचं दुकान होतं. मुख्तार बहारीनी, साठीचा, कोळ्याच्या घरातला. जगदीशची त्याच्याशी वीस वर्षांची दोस्ती होती आणि ती मोडक्या हिंदीत चालायची. मुख्तारनं कुठूनतरी खोट्या माशीच्या गळाची लांबलचक काठी मिळवून दिली. पण आमिष म्हणून त्या गळाला पिसं आणि दोरा बांधतात हे ऐकल्यावर त्याचा आ वासला.

"रबियान मफी?" त्यानं विचारलं. म्हणजे कोळंबी नाही?

"मफी. सिर्फ पंख."

"मछली पागल है उधर का?" मुख्तार म्हणाला आणि दुकानातल्या दोन गिऱ्हाइकांना त्यानं ही बातमी अरबीत सांगितली. तेही थक्क झाले.

रोज संध्याकाळी इमारतीमागच्या मोकळ्या जागेत जगदीश काठी घेऊन उभा राहायचा. दोरीच्या टोकाला लाल लोकर. काठी मागे, थांब, काठी पुढे. लोकर कधी गाडीच्या आरशाला अडकायची, कधी त्याच्याच कॉलरला. गच्चीवरून बायका बघायच्या. साठीला टेकलेला माणूस धुळीत मासे धरतोय, हे बघून ज्यांना धक्का बसला नसेल त्यांनी आपली नजर तपासून घ्यावी. सरितानं मात्र सगळ्यांना सांगून टाकलं होतं, की सॅमन आला की प्रत्येक घरी तुकडी पोचेल. गमऱ्यांच्या शुक्रवारच्या मासळीचा वाटा शेजारी जायचाच, तो त्यांच्या घरचा रिवाज होता. तिनं थर्माकोलचा खोकासुद्धा आणून ठेवला.

मग एका शुक्रवारी, चहाच्या वेळेला, गाईडचा व्हिडिओ कॉल आला.

जगदीश इस्त्रीचा शर्ट घालून लॅपटॉपसमोर बसला. त्याला वाटलं होतं, दाढीवाला, रापलेला, आपल्या वयाचा कोणीतरी दिसेल. दिसली एक तांबड्या केसांची पोरगी, तिशीचीही नसेल. नाव कर्स्टी. जगदीशनं विनयकडे बघितलं. "ही?" तो पुटपुटला. "ही मला मासे धरायला शिकवणार?"

पण पाच मिनिटांत त्याचं मत फिरलं. पोरीला पाणी कळत होतं. प्रवाहात पाय कसा टाकायचा, दगडावर नाही तर दगडाच्या आड, हे तिनं सांगितलं तेव्हा जगदीशनं मान डोलावली. हे त्याच्या पायांना लहानपणापासून माहीत होतं. मग ती म्हणाली, मासा लागला की घाई करायची नाही. हात ओले करायचे, पाण्यातच धरायचा, एक फोटो, आणि सोडून द्यायचा.

"कधी सोडायचा?" जगदीशनं इंग्रजीत विचारलं.

"लगेच."

"पहिला सोडायचा?"

"सगळे."

दारात उभ्या असलेल्या सरिताच्या हातातला ट्रे कलंडला. "एवढ्या लांब जाऊन हात हलवत परत यायचं?" ती मराठीत ओरडली. "खोका आणलाय मी! खालच्या मजल्यापर्यंत सगळ्यांना सांगून बसलेय!" मग तिचं तिलाच हसू आलं. "जाऊ दे. दर पौर्णिमेला पंचशील म्हणता ना, पहिलं शील, जीव न मारण्याचं, तेवढं तरी पाळल्यासारखं होईल."

विनय हसला. कर्स्टीही काही न कळता हसली. जगदीश हसला नाही. 'सोडून दे' हे शब्द त्याला कुठेतरी बोचले आणि त्यानं चष्मा काढून उगाच पुसला.

कर्स्टीनं पडद्यावर नकाशा आणला. निळी वळणावळणाची रेघ आणि तिचे पाडलेले तुकडे, प्रत्येकाला आकडा. तिनं सांगितलं की नदीतल्या सॅमनच्या मासेमारीवर मालकी असते. तुकड्या-तुकड्यावर मालकी. आपण ज्याची परवानगी घेतली त्याच तुकड्यात उतरायचं.

"नदीला मालक?" जगदीश म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता, पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

"हो," कर्स्टी म्हणाली आणि नकाशावर बोट ठेवलं. हे खालचं पाणी तुमचं. इथं एक पांढरा खांब आहे, त्याच्या वर कृपा करून जाऊ नका. वरचे डोह...

जगदीशनं लॅपटॉप मिटला. आपटला नाही, मिटला. मग उठला, आत गेला आणि इस्त्रीचा शर्ट काढून हँगरला लावला.

"बाबा? वॉट हॅपन्ड?" विनय दारात उभा.

"मी येणार नाही."

"व्हाय?"

"नाही म्हणजे नाही. खलास."

सही केलेला फॉर्म रविवारपर्यंत पाठवायचा होता, नाहीतर त्या जागा दुसऱ्या कुणाला जाणार होत्या. पुढच्या रविवारला अजून नऊ दिवस होते, आणि त्यातला पहिला आठवडा सनाबिसच्या त्या फ्लॅटमध्ये कुणी धड बोललं नाही. सरितानं दोनदा विचारलं, दोनदा गप्प बसली. तिला थोडा अंदाज होता. ती त्याच भागातली, तिच्या माहेरच्या बौद्धवाडीलाही पाणी खालचंच होतं. पण नवऱ्याच्या आत नेमकं काय आहे हे तिलाही ठाऊक नव्हतं. विनयला तर काहीच ठाऊक नव्हतं. जगदीशनं पोराला बाबासाहेब सांगितले होते, चौदा एप्रिल सांगितला होता, पुस्तकं दिली होती. स्वतःच्या गावचं, स्वतःच्या अंगावरचं मात्र सांगितलं नव्हतं. मराठी मंडळींच्या कार्यक्रमात कोणी "गमरे म्हणजे नक्की कुठले?" असं विचारलं, की तो "चिपळूणकडचे" म्हणायचा आणि वडा उचलायचा. पोराला स्वच्छ पाटी द्यायची, असं त्यानं ठरवलं होतं. ते बरोबर होतं की चूक, हे सांगणारा मी कोण.

आठव्या दिवशी, शनिवारी सकाळी, तो काठी परत करायला मुख्तारकडे गेला.

मुख्तारनं काठी घेतली नाही. गल्ल्यामागून उठून बाहेर आला. "तेरा बेटा आया था, दो दिन पहले," तो म्हणाला. "इधर बैठा. चाय पिया. बोला, अंकल, बाबा मेरे साथ नहीं जाना चाहता. बोला, शायद बाबा को मेरे साथ अच्छा नहीं लगता, मैं मराठी ठीक से नहीं बोलता इसलिए."

जगदीशला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. "क्या बोला?"

मुख्तारनं पुन्हा सांगितलं.  आठ दिवस जगदीश स्वतःच्या जुन्या दुखण्याला कुरवाळत बसला होता आणि तिकडे पोरानं त्याचा हा अर्थ लावला होता. त्याला स्वतःची लाज वाटली, भर बाजारात, गळांच्या त्या दुकानात. तो काठी घेऊन तसाच वळला.

"यल्ला, जा," मुख्तार मागून म्हणाला. "बात कर बच्चे से."

विनय बंधाऱ्यावर होता, एकटाच. जगदीश त्याच्या शेजारी दगडावर बसला आणि प्रस्तावना न करता सुरू झाला; प्रस्तावना केली असती तर पुढचं बोलवलं नसतं.

"आमच्या नदीचे दोन भाग होते," तो म्हणाला. "मध्ये एक मोठा कातळ. कातळाच्या खालचं पाणी आपल्या वाडीचं. प्यायला, धुवायला, गुरांना, सगळ्याला तेच. कातळाच्या वर खोताचे डोह. तिकडे आपण जायचं नाही. मासे सगळे तिकडे."

विनय त्याच्याकडे बघत राहिला. "यू मीन... आपण बुद्धिस्ट म्हणून?"

"बौद्ध आपण नंतर झालो. त्याच्या आधीपासून. आणि नंतरही."

"पण पाणी वाहतं ना, बाबा?" विनयनं मराठीत विचारलं. त्याच्या चेहऱ्यावर नुसता अचंबा होता. "वरचं पाणी खालीच येतं ना?"

"येतं," जगदीश म्हणाला. "त्यानं कुणाला फरक पडत नव्हता. आपण वर जायचं नाही, एवढंच."

मग त्यानं सांगितलं. नऊ वर्षांचा होता. पौषातली सकाळ. तो एकटाच कातळ ओलांडून वर गेला आणि वरच्या डोहात गळ टाकला. हातभर लांबीचा, सोनेरी खवल्यांचा मासा लागला. एवढा मासा त्यानं जन्मात पाहिला नव्हता. तो छातीशी धरून पळत खाली आला, तर कातळापाशी खोताची तीन माणसं उभी. कुणीतरी त्याच्या बापाला, दाजींना, बोलावून आणलं होतं. दाजींनी एक शब्द विचारला नाही. निरगुडीचा फोक तोडला आणि सगळ्यांच्या देखत पोराला मारायला सुरुवात केली. पाठीवर, पायांवर, हातांवर. मारता मारता एकच ओरडत होते, सोड तो मासा पाण्यात, सोड. त्यानं सोडला. मासा मेलेला होता, उताणा होऊन वाहत गेला.

"त्या लोकांनी मला बोट लावलं नाही," जगदीश म्हणाला. "मारलं माझ्या बापानं. त्यांना खूश करायला. पन्नास वर्षं झाली, मी दाजींना पैसे पाठवले, औषधं पाठवली, जयभीम घातला. पण ते मी विसरलो नाही. आणि ती पोरगी म्हणते, मासा सोडा, वर जाऊ नका."

 विनय बापाच्या हाताकडे बघत होता, जणू वळ अजून दिसतील. मग त्याचा चेहरा लाल झाला. "आजोबांनी? हाउ कुड ही?" असं म्हणत त्यानं फोन काढला आणि जगदीश "अरे, अरे, थांब" म्हणेपर्यंत लावलासुद्धा.

पडद्यावर आधी कान दिसला, मग कपाळ. दाजी चौऱ्याऐंशी वर्षांचे, फोन कसा धरायचा हे ते अजून शिकले नव्हते. गावी दुपार झाली होती, मागे कोंबड्यांचा आवाज होता.

"जयभीम. कोन, इनय?"

"जयभीम आजोबा." विनयनं सगळं मराठी गोळा केलं. "आजोबा, बाबा छोटा होता, तुम्ही त्याला मारलं. माशासाठी. त्या लोकांच्या समोर. का मारलं?"

जगदीशनं फोन हिसकायला हात पुढे केला. मग तो हात तसाच राहिला, कारण पडद्यावर दाजींचा पूर्ण चेहरा आला होता. त्यांनी फोन लांब धरला होता.

"सांगितलान तर त्यानं," दाजी म्हणाले. "मला वाटलं, इसरला."

विनयनं फोन बापालाही दिसेल असा धरला.

"मी पन नऊ वर्सांचाच व्हतो," दाजी म्हणाले. "त्याच डोहात. मासा धरला आनि घरी आणला. माज्या बापानं मला हात न्हाय लावला. पोटाशी धरलान मला. लई खूश झाला. सांजच्याला खोताची मानसं आली नि बापाला घेऊन गेली. चिंचंला बांधून मारला. मी बघत व्हतो. म्हयनाभर उठला न्हाय तो. उठला तो वाकडाच. पुन्ना नदीवर गेला न्हाय."

जगदीशला त्याचा आजा आठवला. वाकडा, काठी टेकत चालणारा म्हातारा. झाडावरून पडला होता, असंच घरात सगळ्यांना सांगितलेलं. 

"मंग तू धरलास, जगू," दाजी म्हणाले. आता ते विनयशी बोलत नव्हते. "काठावर तिगं जन उबे. मला म्हाईत व्हतं, ते एक तर तुला मारतील, न्हायतर मला, आनि तू बघशील. म्हनलं, आपनच मारावा. असा मारावा का त्यांना काय उरायलाच नको. मारला. त्यांच्यातलाच एक म्हनाला, अरे पुरे, मरंल पोरगं. तवा थांबलो."

जगदीशनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. साठीला टेकलेला माणूस बंधाऱ्यावर बसून हुंदके देऊन रडत होता, आणि पलीकडे दोरी टाकून बसलेल्या माणसानं सभ्यपणे तोंड फिरवलं. पन्नास वर्षं ज्या मारासाठी त्यानं बापाला मनातून दूर ठेवलं होतं, तो मार बापानं त्याच्या अंगावर पांघरूण म्हणून घातला होता. आणि हे सांगायला त्याला कुणी विचारलंच नव्हतं. विचारलं ते शेवटी धड मराठी न येणाऱ्या नातवानं.

"दाजी," तो म्हणाला, "सांगायचं तरी."

"काय सांगायचं? माराचं काय सांगायचं?"

विनय बापाकडे वळला. "बाबा, त्या दिवशी तू लॅपटॉप बंद केलास. कर्स्टीचं बोलणं पूर्ण नव्हतं झालं. मी नंतर तिला फोन केला. पहिल्या दिवशी आपण खाली, दुसरे लोक वर. दुसऱ्या दिवशी चेंज. आपण वर, ते खाली. त्या पांढऱ्या पोलचा रूल फक्त त्या दिवसापुरता असतो. सगळ्यांना असंच आहे."

जगदीशनं डोळे पुसले. "मग हे तू मला सांगितलं का नाहीस?"

"तू 'खलास' म्हणालास."



"कंची नदी?" दाजींनी विचारलं. "कोनाचं बोलताय?"

मग दोघांनी मिळून, निम्मं मराठीत आणि निम्मं हातवाऱ्यांत, दाजींना सगळं सांगितलं. इंग्रजांच्या मुलखातली नदी, पिसांचा गळ, तांबड्या केसांची पोरगी. दाजी चकित होऊन ऐकत होते. पिसाला मासा लागतो यावर त्यांचा विश्वास बसला नाही. नदीला मालक आहे यावर लगेच बसला.

"आनि मासा धरला का सोडायचा," जगदीश म्हणाला. तो नकळत बापाच्या बोलीत शिरला होता. "तसा नियम हाय."

दाजींचा चेहरा कठीण झाला. "कोनाला नियम? तुमाला?"

"सगळ्यांना, आजोबा," विनय म्हणाला.

"मालकाला?"

"मालकाला पण. त्यानं पकडला तरी सोडायचा. नाही सोडला तर पोलीस केस."

"मालकालासुदा?"

"हो."

दाजी फोन धरून नुसते बघत राहिले. तोंड उघडं, खालचा एकुलता दात दिसत होता. एवढा आश्चर्यचकित झालेला आपला बाप जगदीशनं कधी पाहिला नव्हता. मग दाजी हसायला लागले. खांदे हलवून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, खोकला लागेपर्यंत हसले. "मालकालासुदा सोडावा लागतो," ते मागे कुणाला तरी ओरडून सांगत होते. "अगो ऐकलास काय, मालकालासुदा!"

हसणं थांबल्यावर त्यांनी तोंड पुसलं आणि फोन पुन्हा जवळ घेतला. परत नुसता कान आणि कपाळ.

"जगू," ते म्हणाले, "तू जा. पोराला घेऊन जा. आनि दुसऱ्या दिशी वर जाशील ना, त्या डोहात उबा राहा नि मला फोन लाव. वरनं कसं दिसतं, मला बघायचं हाय."